दोन दरवाज्यांची वॅगन : जपायची की घडवायची?

शेवरोलेटने १९५५ साली बाजारात आणलेली दोन दरवाज्यांची वन-फिफ्टी हँडीमन ही कंपनीची त्या वर्षीची सर्वांत साधी स्टेशन वॅगन. बाजूला दोन लांब दरवाजे, मागच्या बंपरपर्यंत गेलेलं सरळ छत, टोकाला वर उघडणारी काच, तिच्याखाली बाहेर आडवं पडणारं फळकं, आत घडी होणारी मागची सीट आणि जमिनीवर रबराची चटई. क्रोमची चमक जवळपास नाहीच. काटकसरी कुटुंबांनी, प्लंबर-सुतारांनी, छोट्या दुकानदारांनी अशा गाड्या घेतल्या आणि झिजेपर्यंत वापरल्या. आज अमेरिकेत एखाद्या शेतघरामागे किंवा भंगाराच्या आवारात तिचा सांगाडा सापडला की पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ती होती तशी उभी करा, नाहीतर निदान आहे तशी राहू द्या. दुसऱ्याला तिच्यात हॉट रॉड दिसते : सांगाडा जुना, पण इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकं आणि बसण्याची उंची आपल्या अकलेने बदलून वेगवान केलेली गाडी. माझा कल दुसऱ्या तटाकडे आहे. मात्र पहिल्या तटाचं म्हणणं हलकं नाही. त्याच्या प्रत्येक हरकतीला उत्तर दिल्याशिवाय माझं मत उभं राहणार नाही, म्हणून हा संवाद.

जतनवादी : मुळातच तुमची निवड चुकते आहे. हॉट रॉड म्हटलं की १९३२ ची फोर्ड रोडस्टर किंवा कूपे आठवते. बुटकी, हलकी, मडगार्ड काढलेली, इंजिन उघडं टाकलेली गाडी. त्या परंपरेला पाऊणशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. स्टेशन वॅगन ही किराणा आणि पोरंबाळं वाहणारी गाडी. तिला मोठं इंजिन आणि रुंद टायर लावले म्हणून ती त्या घराण्यातली होत नाही. तुम्हाला तिच्यात जे दिसतं ते तुमच्या मनातलं आहे, गाडीतलं नाही.

लेखक : परंपरेचा आधार तुम्ही घेतलात, तर ती कशी सुरू झाली ते पाहू. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-एट इंजिन बसवलं. २२१ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचं हे इंजिन ६५ अश्वशक्ती देत असे. काही वर्षांतच या गाड्या वापरलेल्या मालाच्या बाजारात अगदी कमी किमतीला मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी त्या घेतल्या, नको ते पत्रे उतरवले आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रावर पळवल्या. १९३७ साली या मंडळींच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. जानेवारी १९४८ मध्ये हॉट रॉड मासिकाचा पहिला अंक निघाला, १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला स्पीड वीक भरला आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ड्रॅग रेसिंगला शिस्त लावणारी एनएचआरए ही संघटना उभी केली. या सगळ्या काळात रोडस्टर निवडली गेली ती प्रतिष्ठेची होती म्हणून नव्हे. ती स्वस्त होती, हलकी होती, तिचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते आणि तिच्यात दमदार इंजिन होतं किंवा बसवता येत होतं. परंपरेने आपल्याला दिल्या आहेत त्या या चार कसोट्या. रोडस्टरचा आकार हे त्यांचं एका काळातलं उत्तर. वॅगनला त्या परंपरेत जागा नव्हती हेही खरं नाही. लाकडी अंगाच्या जुन्या वॅगनचं लाकूड कुजू लागलं तशा त्या कवडीमोल झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी लांब फळ्या न्यायला नेमक्या त्याच घेतल्या. नको असलेल्या गाडीतली उपयुक्तता ओळखणं हा या छंदाचा मूळ स्वभाव आहे.

आता त्याच चार कसोट्या १९५५ च्या हँडीमनला लावून पाहा. त्या वर्षी शेवरोलेटचे मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं २६५ घन इंचांचं, सुमारे ४.३ लिटरचं नवं व्ही-एट आलं. साधं रूप १६२ अश्वशक्तीचं, चार तोंडांचा कार्बोरेटर आणि दुहेरी सायलेन्सर घेतला तर १८०. कंपनीच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा ते सुमारे १८ किलोंनी हलकं होतं, म्हणजे ताकद वाढली आणि गाडीच्या नाकावरचं ओझं उतरलं. त्याच वर्षी विजेची यंत्रणा ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आली, पुढच्या चाकांना बॉल जॉइंट आले आणि नळीत बंद असलेल्या जुन्या शाफ्टच्या जागी उघडा प्रोपेलर शाफ्ट आला. यातली प्रत्येक गोष्ट पुढे गाडी बदलू पाहणाऱ्याच्या पथ्यावर पडते. १२ व्होल्टमुळे आजचा स्टार्टर, दिवे, पंखा सरळ जोडता येतात. उघड्या शाफ्टमुळे नवा गिअरबॉक्स किंवा भक्कम मागचा ॲक्सल बसवताना शाफ्टची लांबी बदलली की बरंचसं काम होतं. आणि हे इंजिन कंपनीच्या महागड्या बेल एअर मालिकेपुरतं राखून ठेवलेलं नव्हतं. सर्वांत स्वस्त हँडीमनलाही ते मागवता येत होतं. त्याच वर्षी कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्येही याच इंजिनाची तापट आवृत्ती होती. स्पोर्ट्स कारचं इंजिन कारखान्यानेच वॅगनसाठी देऊ केलं होतं, मग वेगाची कल्पना बाहेरून लादली असं कसं म्हणता येईल?

जतनवादी : इंजिनाचं कबूल. पण इंजिन म्हणजे गाडी नव्हे. सेदानला मागच्या सीटच्या पाठीमागे डिक्की वेगळी करणारा आडवा पत्रा असतो, तो अंगाला ताठ ठेवतो. वॅगनमध्ये पुढच्या सीटपासून मागच्या फळक्यापर्यंत सगळी पोकळी. वरून मोठं छत, मोठ्या काचा, जड फळकं आणि ओझं पेलण्यासाठी दिलेले मागचे पाटे. अशा अंगात ताकद ओतली की ते पिळवटणार, काचा खुळखुळणार आणि छत ढोलासारखं वाजणार. हलकेपणा ही तुमचीच कसोटी. तिच्यावर वॅगन नापास होते.

लेखक : पोकळीमुळे अंग कमी ताठ राहतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. छत घुमतं हेही बरोबर. पण ही गाडी मोनोकॉक, म्हणजे अंगानेच सगळा भार पेलणारी, नाही. तिचा भार खाली स्वतंत्र पोलादी चासीवर आहे. चाकांमधलं अंतर सेदानला आणि वॅगनला सारखंच, ११५ इंच, म्हणजे सुमारे २९२ सेंटिमीटर. इंजिनाचा पीळ आधी चासी झेलते, अंग नंतर. चासीला योग्य जागी आडव्या पट्ट्या दिल्या, मागची जमीन नीट जोडली, अंग आणि चासी यांच्यामधली कुजलेली रबरं बदलली, छताच्या आतल्या कमानी पुन्हा चिकटवून आवाज शोषणारा थर लावला, तर तुम्ही सांगितलेले बहुतेक दोष आटोक्यात येतात. दोन दरवाज्यांचा फायदा इथेच कळतो. चार दरवाज्यांच्या वॅगनच्या बाजूला चार मोठी भगदाडं असतात. दोन दरवाज्यांच्या वॅगनमध्ये दरवाज्यामागे मागच्या दिव्यापर्यंत एकच लांब पत्रा जातो. बिजागऱ्या कमी, कुलपं कमी, दरवाजे मागच्या चाकाच्या कमानीशी जुळवण्याची कटकट नाही. दिसायलाही ती लांब रेघ गाडीला ताणलेली, नीटस बाजू देते, पण माझा भर दिसण्यावर नाही.

वजनाचं पाहू. दोन दरवाज्यांच्या सेदानपेक्षा दोन दरवाज्यांची वॅगन थोडी जड. वॅगन साधारण १,५०० किलोंच्या घरात. हे जास्तीचं वजन कुठे आहे, यावर सगळं अवलंबून. ते मागच्या ॲक्सलच्या आसपास आणि त्याच्या मागे आहे. पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद अशा गाडीचं जुनं दुखणं म्हणजे सुटताना मागची चाकं जागेवर गरगरणं. वॅगनचं वजन नेमकं त्या चाकांवर बसतं. शिवाय गाडी झेपावते तेव्हा भार मागे सरकतो, त्यात उंच, मागे भरलेलं अंग भरच घालतं. हा नुसता कागदी हिशेब नव्हे. एनएचआरएच्या स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलेल्या रूपातल्या गाड्यांच्या, वर्गांत गटवारी कारखान्याने जाहीर केलेली अश्वशक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तरावर होत असे. समजा, १८० अश्वशक्तीचं एकच इंजिन १,४५० किलोंच्या सेदानमध्ये आहे आणि १,५४० किलोंच्या वॅगनमध्येही. पहिलीत दर अश्वशक्तीमागे ८ किलो पडतात, दुसरीत साडेआठ. म्हणजे वॅगन एक पायरी सोप्या गटात जाऊ शकते, आणि त्या गटात मागच्या चाकांची पकड तिची जास्त चांगली. म्हणूनच १९६० च्या दशकात ज्युनियर स्टॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्यतींत १९५५ ते १९५७ च्या शेवरोलेट वॅगन मुद्दाम निवडल्या जात. तुम्ही दोष म्हणून दाखवलेलं वजन हिशेबी शर्यतपटूंनी भांडवल म्हणून वापरलं. वळणावळणाच्या रस्त्यावर मात्र तेच वजन गाडीला बाहेर ओढतं, हे मी लपवणार नाही. हॉट रॉड म्हणून वॅगन सरळ रस्त्याची आणि लांब पल्ल्याची गाडी आहे. तिच्याकडून डोंगरी घाटातल्या चपळाईची अपेक्षा ठेवणारा निराश होईल.

जतनवादी : मग माझी खरी हरकत ऐका. ती यंत्राबद्दल नाही, पुराव्याबद्दल आहे. धनिकांच्या कन्व्हर्टिबल, हार्डटॉप पहिल्यापासून गॅरेजात राहिल्या, म्हणून उरल्या. प्लंबरची वॅगन उरली नाही, कारण तिला कुणी जपण्याजोगी मानलं नाही. साध्या माणसांच्या वस्तू नेहमी आधी नाहीशा होतात. म्हणजे जी हँडीमन आज उरली आहे ती महागड्या मॉडेलपेक्षा जास्त बोलते : त्या काळचं सामान्य कुटुंब कसं बसत होतं, काय वाहत होतं, किती पैशांत भागवत होतं. जुन्या गाड्यांच्या क्लबांचा जागतिक महासंघ फीवा याने २०१२ साली ट्यूरिन सनद मान्य केली. मूळ ते टिकवा, हस्तक्षेप कमीत कमी करा, जे बदलाल त्याची नोंद ठेवा, असा तिचा रोख आहे. जुना वाडा पाडून त्याच्या सागवानी तुळया बंगल्याच्या दिवाणखान्यात लावल्या, तर लाकूड वाचतं, वाडा वाचत नाही. तुमची हॉट रॉड म्हणजे अशा तुळया आहेत.

लेखक : तुमच्या सगळ्या हरकतींत ही सर्वांत भारी, आणि हिचा निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे. मूळ इंजिन जागेवर आहे, आतली सीट, चटई, रंग मूळचा आहे, कागदपत्रं आहेत, अशी हँडीमन कुणाच्या हाती आली तर तिला करवत लावणं हा गुन्हा समजावा. तीच गोष्ट शेवरोलेटच्याच दोन दरवाज्यांच्या नोमॅड वॅगनची. १९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने मोटोरामा प्रदर्शन भरवलं, त्यात कॉर्व्हेटचा चेहरा लावलेली एक स्वप्नवत वॅगन ठेवली होती. हार्ली अर्ल यांच्या शैली विभागातली ती कल्पना, तिच्या छताची रचना कार्ल रेनर यांची. लोकांना ती इतकी भावली की १९५५ ते १९५७ अशी तीन वर्षं ती बेल एअर मालिकेत प्रत्यक्ष विकली गेली. पुढे झुकलेला दरवाज्यामागचा खांब, पन्हळीचं छत, फळक्यावर सात उभ्या क्रोम पट्ट्या. तिचं छत आणि बाजूच्या काचा शेवरोलेटच्या दुसऱ्या कुठल्या वॅगनला लागत नाहीत. जनरल मोटर्सचीच पाँटिअॅक सफारी सोडली तर तिला भावंड नाही. अशी गाडी कापणारा माझ्या बाजूचा नाही. पण हीच नोमॅड माझ्या बाजूने साक्षही देते. दोन दरवाजे, वॅगनचं अंग आणि स्पोर्ट्स कारचा आत्मा ही सांगड कारखान्यानेच घातली. घडवणारा नवा अर्थ शोधत नाही. कारखान्याने महाग गाडीत केलेलं तो स्वस्त गाडीत करतो.

हरकतीचा दुसरा निम्मा भाग मात्र प्रत्यक्ष गाडीपाशी गेल्यावर टिकत नाही. अशी गाडी तपासायची कशी ते पाहा. एक चुंबक मऊ कापडात गुंडाळून अंगावरून फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. हेडलाइटच्या वरची भुवई बघायची, कारण आतल्या बाजूला चिखल साचून ती आतून कुजते. दरवाज्यांखालची लांब पट्टी, पाय ठेवण्याची जागा, मागच्या मडगार्डचं खालचं टोक, फळक्याची आतली बाजू आणि मागच्या जमिनीतला स्टेपनीचा खड्डा, इथे स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचायचं. वॅगनच्या फळक्यातून आत आलेलं पाणी याच खड्ड्यात जाऊन बसतं. मग जॅक लावून खाली शिरायचं आणि चासी मागच्या ॲक्सलवरून जिथे वर वळते तिथे पाहायचं, कारण साचलेला चिखल तिला वर्षानुवर्षं खातो. हे सगळं पाहिल्यावर बहुतेक सापडलेल्या गाड्यांचं चित्र एकच निघतं : इंजिन कधीच काढून नेलेलं, जमीन चाळणी झालेली, आतलं सामान उंदरांनी खाल्लेलं, चासी मात्र शाबूत. अशी गाडी मूळ स्थितीत आणायची म्हणजे नवी जमीन, नव्या पट्ट्या, दुसऱ्या गाडीचं इंजिन, नवं कापड, नवा रंग. शेवटी उभी राहते ती १९५५ सारखी दिसणारी, पण बरीचशी आजच्या पत्र्याची गाडी. पुरावा म्हणून तिची किंमत किती? तुमच्या वाड्याच्या भाषेत सांगायचं तर, जिथे वाडा उभा आहे तिथे तुळई काढू नये. जिथे वाडा आधीच पडला आहे, तिथे तुळई पावसात कुजू देणं हे जतन नव्हे.

आणि अशा गाडीसमोर खरे पर्याय कोणते होते, तेही बघितलं पाहिजे. बॉनेट, पुढची मडगार्डं, जाळी, डॅशबोर्ड, चासीचा पुढचा भाग हे सगळं कन्व्हर्टिबल आणि हार्डटॉपला चालतं. त्यामुळे कित्येक वॅगन त्या महागड्या गाड्या दुरुस्त करण्यासाठी भाग काढून संपवल्या गेल्या. उरलेल्या भंगारात दाबल्या गेल्या. साध्या माणसांच्या गाड्या नाहीशा झाल्याचं दुःख तुम्हाला आहे, मलाही आहे. पण त्यांचा नाश घडवणाऱ्यांनी केला नाही. उलट या वॅगनलाही मोल आहे असं बाजाराला प्रथम पटवलं ते त्यांनीच. एक जवळचा दाखला आहे. १९७१ च्या टू-लेन ब्लॅकटॉप या चित्रपटातली शर्यतीची गाडी म्हणजे १९५५ ची वन-फिफ्टी सेदान, हँडीमनच्याच स्वस्त मालिकेतली. त्यासाठी बनवलेल्या गाड्यांपैकी एक १९७३ च्या अमेरिकन ग्राफिटीमध्ये हॅरिसन फोर्डच्या हाती दिसली. क्रोम नसलेल्या या साध्या मॉडेलला आज चाहते आहेत, त्यात या गाड्यांचा मोठा वाटा आहे.

जतनवादी : मान्य, पण कारखान्याकडे चाचणीचं मैदान होतं, अभियंते होते. तुमच्या घडवणाऱ्याकडे वेल्डिंगचं यंत्र आणि उत्साह असतो. १९५५ च्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांसाठी एकच मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की ब्रेक संपले. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या रोखाने. बेल्ट नाहीत. त्यात तुम्ही दुप्पट ताकद घालणार. आणि धुराचं काय? पेट्रोल जाळण्याची हौस आजच्या काळात कशी समर्थनीय ठरते?

लेखक : ब्रेकचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरं झालं, कारण या छंदाची नैतिक बाजू तिथेच ठरते. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० किलोमीटरच्या जागी १५० ने जाणाऱ्या गाडीला थांबवायला सव्वादोन पट ऊर्जा पचवावी लागते. जुने ड्रम ती पचवता पचवता तापतात आणि पकड सोडतात. म्हणून कामाचा क्रम उलटा करून चालत नाही. आधी चासी, मग दोन स्वतंत्र भागांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक, मग धक्क्यात दबणारा स्टिअरिंगचा दांडा, मजबूत केलेल्या जमिनीला घट्ट धरलेले बेल्ट, पेट्रोलच्या टाकीची आणि नळ्यांची नवी मांडणी. वॅगनमध्ये सामान आणि माणसं यांच्यामध्ये जाळी हवीच, नाहीतर अचानक ब्रेक दाबल्यावर मागचा जॅक पुढे येतो. इंजिन सर्वांत शेवटी. अमेरिकेत दुहेरी ब्रेक आणि दबणारा दांडा १९६८ च्या सुमारास कायद्याने आवश्यक झाले. म्हणजे या बाबतीत नीट घडवलेली वॅगन मूळ गाडीपेक्षा निश्चितच सुरक्षित असते. तुमची मूळ गाडी प्रदर्शनात शोभते, पण आजच्या हमरस्त्यावर तीच जास्त धोक्याची. जो इंजिनापासून सुरुवात करतो त्याच्यावर तुम्ही टीका करा, मी तुमच्याबरोबर आहे.

धुराबद्दल आकडे नाहीत, पण कार्यकारण सांगता येतं. कार्बोरेटर थंड-गरम, चढ-उतार सगळीकडे अंदाजाने पेट्रोल सोडतो. संगणकावर चालणारं फ्युएल इंजेक्शन हवा मोजून पेट्रोल सोडतं आणि उत्प्रेरक बसवलेला सायलेन्सर उरलेला विषारी वायू कमी करतो. शेवरोलेटच्या या इंजिनांचं घराणं इतकं लांब चाललं की २०११ साली जनरल मोटर्सने दहा कोटीवं इंजिन बनवल्याची घोषणा केली. त्या घराण्यातलं नवं इंजिन जुन्या वॅगनमध्ये बसवण्याचे तयार पाये बाजारात मिळतात. १९५५ ची मांडणी इंजिनाच्या पुढच्या तोंडाला आणि क्लचच्या घराला पाये देते, नंतरच्या इंजिनांना ते बाजूला असतात, एवढाच जोड बदलावा लागतो. असं इंजिन ताकदवान असूनही जुन्या इंजिनापेक्षा स्वच्छ चालतं. तरी ही गाडी पर्यावरणाची मित्र आहे असं मी म्हणणार नाही. ती रोजच्या ये-जा करण्याचा मार्ग होऊ नये. वर्षात थोडी चालणारी, जपून ठेवलेली गाडी, एवढीच तिची जागा.

जतनवादी : आणि खर्च? मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे ओतून शेवटी जी गाडी होते ती विकली तर घातलेले पैसे परत येत नाहीत. त्यापेक्षा हे धन एखाद्या जतनाच्या कामाला द्या.

लेखक : पैसे परत यायचे असतील तर हे काम करूच नये, इतकं स्पष्ट सांगायला हवं. पण तोच नियम तुमच्या पुनरुज्जीवनालाही लागू आहे. क्रोम चढवणं, मूळ कापड विणून घेणं, हरवलेली काच शोधणं यात पैसे कमी जात नाहीत. दोन्हीकडे माणूस कौशल्यावर खर्च करतो. पत्रा हाताने ठोकून आकाराला आणणारा, जुनी वायरिंग वाचू शकणारा, चासी सरळ आहे की नाही हे दोरी लावून पाहणारा कारागीर तुमच्या गाडीला लागतो आणि माझ्याही. त्याला काम मिळत राहिलं तरच त्याचा हात पुढच्या पिढीला कळेल. या एका गोष्टीत आपण विरोधक नाही.

जतनवादी : आता आपल्याकडचं बोला. हे सगळं वाचून इथे कुणी आजोबांच्या गाडीला कटर लावला तर?

लेखक : तर माझाच युक्तिवाद त्याला थांबवेल. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ साली ते काम बंद केलं. म्हणजे ज्या वर्षी शेवरोलेटचं व्ही-एट आलं त्याच्या आदल्याच वर्षी कंपनी इथून गेली होती. अमेरिकेत एकेका मॉडेलच्या हजारो गाड्या रस्त्यावर आल्या. इथे त्या काळच्या गाड्या मुळातच थोड्या, त्यामुळे उरलेली प्रत्येक गाडी पुरावा म्हणून जास्त मोलाची. जिथे पुरावा दुर्मीळ तिथे जतनाचं पारडं जड, हे मी आधीच मान्य केलं आहे. कायदाही तेच सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०२१ साली आलेल्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो, पण ती मूळ स्वरूपात असली तरच. म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकाने हा लेख परवानगी समजू नये. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हौशीनेही आपल्या राज्याचे नोंदणीचे आणि धुराचे नियम आधी पाहावेत, गाडी नंतर घ्यावी.

जतनवादी : मग आपल्यात फरक उरला कुठे?

लेखक : फरक एवढाच की गाडीचं मोल तिच्या पहिल्या दिवसात गोठलेलं आहे असं तुम्ही मानता, आणि मी मानतो की काही गाड्यांच्या बाबतीत ते कामातून पुन्हा मिळवावं लागतं. दोन दरवाज्यांची मोठी वॅगन लवकरच मागे पडली, कारण मागच्या सीटवर जाण्यासाठी पुढची सीट दुमडण्याचा कंटाळा कुटुंबांना आला. शेवरोलेटने मोठ्या आकारातली तिची शेवटची गाडी १९६० साली काढली, फोर्डने १९६१ साली. त्यानंतर हा प्रकार छोट्या गाड्यांपुरता उरला. म्हणजे नवी कधीच मिळणार नाही. जी आहे तिच्याबद्दलच निर्णय घ्यायचा आहे, आणि तो आवडीनिवडीवर सोडता येत नाही. मूळ भाग किती उरले आहेत, चासी सरळ आहे का, तिच्यासारख्या आणखी किती शिल्लक आहेत, कायदा काय म्हणतो आणि ब्रेकपासून सुरुवात करण्याइतका धीर आपल्याकडे आहे का, या पाच प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. पहिल्या प्रश्नाला ‘बहुतेक सगळे’ असं उत्तर आलं, तर गाडी तुमची, मी बाजूला होतो. इंजिन नाही, जमीन नाही, पण सांगाडा खणखणीत आहे आणि बाकी उत्तरंही अनुकूल आहेत, तर ती घडवणाऱ्याला द्या. कारण त्या गाडीसाठी तुमच्याकडे तपशीलवार नोंद आहे, आणि त्याच्याकडे तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचा मार्ग.